तेजूची फाइल

रविवारी ललितने घरचा कॉम्प्युटर बदलला. म्हणजे डबा तोच, पडदा तोच, कीबोर्डवरची पुसट झालेली अक्षरंही तीच. आतला कारभार तेवढा बदलला. जुन्या सिस्टीमला आता कंपनीकडून अपडेट मिळणार नाही, ती उघड्या दारासारखी झाली, आणि तिची नवी आवृत्ती या म्हाताऱ्या डब्याला पेलायची नाही, असं ललितच्या प्लांटमधल्या ज्ञानेशने सांगितलं होतं. ज्ञानेशकडे दुसरी एक सिस्टीम होती, फुकटची आणि हलकी. तो पेन ड्राइव्ह घेऊन आला, दोघं दुपारभर पडद्यापुढे बसले. मेघाली दोनदा चहा देऊन गेली आणि तिसऱ्यांदा काही न देता नुसतीच विचारून गेली, की माझं सगळं नीट राहील ना. सगळं कॉपी केलंय वहिनी, एक कागद हलणार नाही, असं ज्ञानेश म्हणाला.

कागद हलला नव्हता, हे खरंच. पण सोमवारपासून मेघालीला काही सापडेना. जयवंतीबाई, तिच्या सासूबाई, उमरोळीहून आठ दिवस राहायला आल्या की बोईसरच्या या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचं जे व्हायचं तेच आता कॉम्प्युटरचं झालं होतं. हरवलेलं काही नसायचं, पण हिंग काढायला हात घालावा तर सोडा निघायचा. सी ड्राइव्ह नव्हता, डी ड्राइव्ह नव्हता. 'होम' नावाचं एक घर होतं आणि त्यात ललितच्या नावाची एक खोली होती. कॉम्प्युटर तिच्या वडिलांनी ती पालघरला कॉलेजात असताना घेऊन दिलेला, लग्नात तिच्याबरोबर आलेला; घर मात्र ललितच्या नावावर झालं होतं. कामाला बसण्याआधी उंदराचं उजवं बटण दाबून तीन-चारदा रिफ्रेश करायची तिला सवय होती, त्याने काय होतं हे तिला कधीच कळलं नव्हतं, पण केल्याशिवाय बरं वाटायचं नाही. नव्या यादीत ते रिफ्रेशच नव्हतं. ती उजवं बटण दाबून शोधत राहायची आणि मग कशासाठी बसलो होतो तेच विसरायची.

ललितला सांगितलं तर तो म्हणायचा, आठ दिवसांत हात बसेल. हात बसायचा प्रश्न नव्हता. मेघालीचा हात बसलेलाच होता, दहा-अकरा वर्षं, तोच तर घोटाळा होता.

तरी हे सगळं चाललं असतं. गुरुवार नसता तर.

गुरुवारी पालघरच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर यायचे, बारा ते दोन. मेघालीची मुलगी तेजल अडीच वर्षांची. तिला वर्षभरात तीनदा झटके आले होते. डोळे वर, दात घट्ट, अंग कडक, मिनिट-दीड मिनिट. दर वेळी मेघालीचं वय पाच वर्षांनी वाढलं होतं. गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी तेजलला तपासून दोनच गोष्टी विचारल्या होत्या: प्रत्येक झटका किती वेळ टिकला, आणि तो यायच्या आधी अंगात ताप होता की नव्हता. तापात येणारे झटके मूल मोठं झालं की बहुतेक थांबतात, त्यांना रोजच्या औषधाची गरज नसते. पण तिघांतला एक जरी तापाशिवाय आलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग रोज सकाळ-संध्याकाळ औषध, निदान दोन वर्षं, आणि ते औषध मुलाला सुस्त करतं. अंदाजाने सांगू नका, लिहिलेलं असेल तर घेऊन या, पुढच्या गुरुवारी ठरवू, असं ते म्हणाले होते.

लिहिलेलं होतं. तेजल झाली त्या दिवसापासून मेघालीने कॉम्प्युटरवर 'तेजू' नावाची फाइल ठेवली होती. पहिला दात, पहिली शी घट्ट कधी झाली, कोणत्या लसीनंतर किती ताप, सगळं. ललित तिला चिडवायचा, की प्लांटमध्ये रिअॅक्टरचं लॉगबुकसुद्धा आम्ही इतकं भरत नाही. तोंडी विचारलं असतं तर मात्र तिला सांगता आलं नसतं. होळीच्या वेळचा झटका तापात आला होता, हे पक्कं. गणपतीतला? बहुतेक तापातच. तिसरा मार्गशीर्षात आला, तेव्हा तेजू उमरोळीला आजीजवळ होती आणि मेघाली पालघरला कोर्टात वकिलांना टाइप केलेले कागद द्यायला गेली होती. ललित म्हणायचा, तिन्ही वेळा ताप होता. जयवंतीबाई म्हणायच्या, तापाबिगर असा होते काय? पण 'ताप नव्हता' हे दोन शब्द आपण त्या फाइलीत कुठेतरी लिहिल्याचं मेघालीला आठवत होतं. झटक्याच्या आधी नव्हता, की नंतर उतरला म्हणून नव्हता, की दुसऱ्याच कुठल्या दिवशी नुसती सर्दी होती म्हणून? जितकं आठवायला जावं तितकं पाणी गढूळ व्हायचं.

गुरुवारी सकाळी ललित पहाटेच्या गाडीने पहिल्या पाळीला गेला. तिथे मोबाइल गेटवर जमा होतो, तीन वाजेपर्यंत तो सापडणार नव्हता. जयवंतीबाई आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या, नातीला डॉक्टरकडे नेताना कोणी तरी सोबत असावं म्हणून. त्या तेजूला मांडीवर घेऊन पेज भरवत होत्या. मेघालीने साडेआठला कॉम्प्युटर लावला, ललितच्या नावाच्या खोलीत शिरली, 'तेजू' सापडली. तिने उघडली.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं होती, पण इंग्रजी नव्हतं. छोटी, मोठी, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी पानंच्या पानं. तिने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. डब्याची वायर काढून पुन्हा लावली. उजवं बटण दाबून रिफ्रेश शोधलं, ते नव्हतंच. फाइल स्वतःच्या मोबाइलवर पाठवून तिथे पाहिली. तिथेही तेच वारूळ, फक्त बारीक. त्यातले आकडे तेवढे आकड्यांसारखे दिसत होते. कुठे 101 होतं, कुठे 99, कुठे 4 आणि 30. पण 99 हा ताप होता, की मिली की मिनिटं, आणि तो आधीचा होता की नंतरचा, हे ज्या शब्दांनी कळलं असतं तेच शब्द गेले होते.

तिने ज्ञानेशला फोन लावला. तो रात्रपाळी करून झोपला होता. त्याने अर्धवट आवाजात दोन-तीन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. त्या करण्यासाठी जिथे जायचं ते ठिकाण तिच्या पडद्यावर सापडेना, आणि जे सापडलं ते पासवर्ड मागू लागलं. तो पासवर्ड ललितला माहीत होता आणि ललितचा मोबाइल गेटवर होता. फाइल बिघडली असेल, संध्याकाळी येऊन बघतो, म्हणून ज्ञानेशने फोन ठेवला. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे ती पेन ड्राइव्ह घेऊन धावत गेली. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, "मॅडम, ये तो खराब हो गया. पुराना भूल जाओ, नया बनाओ."

वर येऊन ती खुर्चीत बसली तेव्हा साडेनऊ झाले होते. संध्याकाळ डॉक्टरांच्या कामाची नव्हती. पुढच्या गुरुवारी जावं तर आणखी एक आठवडा असाच, रोज रात्री तेजूच्या छातीवर हात ठेवून. आणि अंदाजाने सांगावं, 'तिन्ही वेळा ताप होता' म्हणावं, तर? तिला ते म्हणायचंच होतं. म्हणूनच तिचा स्वतःवर विश्वास नव्हता.

जयवंतीबाईंनी विचारलं, काय गेला काय? मेघाली म्हणाली, गेलं नाही, आहे, पण वाचता येत नाही. त्यांनी तेजूचं तोंड पुसलं.

मेघाली नुसती बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं की एक तुकडा पुन्हा पुन्हा येतोय. rki. आकड्याच्या आधी rki, ओळीच्या सुरुवातीला rki. तिने काही ठरवलं नव्हतं. टाइपिस्टच्या बोटांना रिकामं बसवत नाही म्हणून तिची बोटं कीबोर्डवर गेली आणि जे दिसत होतं ते दाबू लागली. डाव्या हाताची तर्जनी वर. उजवं मधलं बोट जागच्या जागी. तेच बोट वर.

ताप.

पडद्यावर काहीही उमटलं नव्हतं. शब्द बोटांतून आला होता.

कॉलेजच्या सुट्टीत पालघरला एका टायपिंगच्या क्लासमध्ये तिने मिनिटाला तीस शब्दांची मराठी परीक्षा दिली होती, मग चाळीसची. तिथल्या बाई मुलींच्या हातांवर नॅपकिन टाकायच्या. खाली बघायचं नाही, कळीवर इंग्रजी काय छापलंय ते आपलं नाही, आपलं मराठी बोटात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून 'त' कुठे आहे हे मेघालीला कोणी विचारलं तर सांगता आलं नसतं, पण लिहिता यायचा. आणि आता नवी सिस्टीम तिला दुसरं काहीच दाखवत नव्हती, तिने तेव्हा दाबलेल्या कळा दाखवत होती. मराठीचा वरचा वेष, जुन्या सिस्टीमबरोबर गेलेला तो फॉन्ट, तेवढा उतरला होता. हे तिला असं नीट कळलं नाही त्या वेळी; तिला वाटलं, आपलं डोकं तर फिरलं नाही ना. तिने पुढचा तुकडा घेतला. बोटांनी सांगितलं, 'रात्री'. त्यापुढचा, 'उतरला'.

मग तिने वही ओढली, मोबाइलचा गजर अकराचा लावला आणि होळीच्या तारखेला आली. विचार करून बोट टाकलं की चुकत होतं. न बघता, तोंडाने बोलत, शब्द येईल तसा येऊ दिला की येत होता. म्हणून ती मोठ्याने बोलू लागली. डोळे पडद्यावर, बोटं कीबोर्डवर, आणि तोंडातून आंधळ्याने वाट चाचपावी तसे शब्द.

"सकाळपासून. ताप. एकशे दोन. औषध दिलं. पावणेबाराला. झटका. अंदाजे. एक मिनिट."

तिने वहीत लिहून घेतलं. पहिला तापात. गणपतीतला यायला वेळ लागला, कारण त्या दिवशी तिने बरंच लिहिलं होतं.

"ताप एकशे एक. आरतीच्या वेळी. झटका. दीड मिनिट. आईंनी. कांदा फोडून. नाकाला लावला. मी नको. म्हटलं होतं. या घरात. माझं. कोणी..."

तिची बोटं थांबली. मागे चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकत नाय," जयवंतीबाईंनी वाक्य पुरं केलं. "वाच पुढे. शुद्धीवर आलेली का नाय कांद्याने, ता पन लिवलाय का?"

लिहिलं नव्हतं. पुढचं मेघालीला मनात वाचावं असं वाटलं, पण आवाज बंद केला की बोटं अडखळत होती. तिने करून पाहिलं. साडेदहा होत आले होते. तिने पाठ तशीच ठेवून मार्गशीर्षाची तारीख काढली आणि वाचायला लागली, जरा हळू आवाजात.

"मी पालघरला. तेजू उमरोळीला. आईंजवळ. तीन वाजता. झटका. आई म्हणतात. एक मिनिट." पुढे gkr असा तुकडा होता. डावी तर्जनी आत, उजवं मधलं, डावी तर्जनी वर. "हाताला. गरम लागत होतं. असं आई म्हणतात. पण. थर्मामीटरवर. नव्याण्णवच्या खाली. म्हणजे."

तिने पुढचे दोन शब्द दाबले आणि ते तोंडाने म्हटले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती, ती ते ओळखत होती. हेच ते दोन शब्द. मग त्याखाली होतं, की चादर ओली होती, म्हणजे झटक्यात लघवी झाली असावी. आणि सर्वांत शेवटी, की संध्याकाळी तेजूला बोईसरला आणून मोजला तेव्हा ताप एकशे एक पूर्णांक दोन. नंतर आलेला.

म्हणजे एक होता. तापाशिवायचा एक होता. तिने वहीत लिहिलं, 'तिसरा: ताप नव्हता', आणि पेन खाली ठेवलं. तेजू आजीच्या मांडीवरून उतरून वाटी जमिनीवर आपटत होती. ही अशी आपटणार नाही आता, असं मेघालीच्या मनात आलं, सकाळ-संध्याकाळ औषध घेऊन कोपऱ्यात बसेल.

"चादर मी भिजवलेली," जयवंतीबाई म्हणाल्या.

मेघालीने मान वळवली.

त्यांनी सांगितलं ते असं. दुपारी जेवण झाल्यावर पोरीचं अंग तापलं होतं, चांगलंच तापलं होतं. म्हणून त्यांनी लुगड्याच्या जुन्या तुकड्याच्या ओल्या घड्या तिच्या पोटावर आणि डोक्यावर ठेवल्या. पाणी चादरीवर गळलं. औषध देणार होत्या, बाटली हातात घेतली होती. पण मेघाली जाताना बजावून गेली होती, की आकडा बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, नव्याण्णवच्या वर गेला तरच द्यायचं. मेघालीचा थर्मामीटर बोईसरलाच राहिलेला. मग त्या शेजारी गेल्या, गावची आरोग्यसेविका आशाताई हिची ताप बघायची कांडी मागून आणली आणि तेजूच्या काखेत लावली.

"तू आलीस तवा मी तुला सांगितला, का हाताला गरम लागत होता. तू म्हनलीस, हाताचा काय खरा नसते, आकडा सांगा. मंग आकडा खाली होता, खाली सांगितला. दवा नाय दिली."

"किती होता?" मेघालीने विचारलं.

"खालीच होता."

"खाली म्हणजे किती, आई? आठवतंय?"

"न आठवायला काय झाला. अडतीस. आनि टिंब, आनि सहा." जयवंतीबाईंनी तेजूच्या हातातली वाटी काढून घेतली. "नव्यान्नव कुठे नि अडतीस कुठे. मी म्हनला, कांडीच सांगते गार, तर आपला हातच म्हातारा झाला."

मेघालीला पहिल्यांदा काही कळलंच नाही. अडतीस ताप असलेलं माणूस जिवंत नसतं, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मग तिने मोबाइल उचलला. दोन वेळा चुकीचं टाइप झालं. आशाताईची कांडी सरकारी, ती दुसऱ्या मापात मोजत होती, शाळेत पाण्याच्या उकळण्याला शंभर म्हणतात त्या मापात. अडतीस पूर्णांक सहा म्हणजे तिच्या थर्मामीटरवरचे एकशे एक पूर्णांक पाच.

तिने ते जयवंतीबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. मापं दोन असतात, आकडे वेगळे, ताप तोच. सांगताना तिचंच तिला गुंतल्यासारखं होत होतं. जयवंतीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हनजे ताप होता?"

"होता."

"ता मी तवाच सांगितलेला."

मोबाइलचा गजर वाजला. एसटी पकडायची होती, तेजूचे कपडे बदलायचे होते, आणि तिच्या मनात आणखी एक किडा वळवळायला लागला होता, ज्याची तिला लाज वाटली तरी तो थांबेना. आईंना माहीत होतं, की आज एक शब्द इकडे-तिकडे झाला तर नातीला दोन वर्षं औषध लागेल. पोरीच्या नावाला फिटचा डाग नको, हे त्या गेले आठ दिवस फोनवर म्हणत होत्या. अडतीस हा आकडा त्यांना आजच बरा आठवला. पण अडतीस कोणी बनवून सांगेल का? खोटंच सांगायचं तर एकशे एक सांगितलं असतं. ज्या आकड्याने ताप ठरतो हे ज्यांना माहीतच नव्हतं, त्या तो आकडा कुठून आणणार? आणि ओली चादर तर तिनेच लिहून ठेवली होती. एसटीत खिडकीजवळ बसून ती हे उलटसुलट करत राहिली. उमरोळीच्या फाट्याजवळ जयवंतीबाईंनी घराच्या दिशेने नुसती मान वळवून पाहिलं, आणि मेघालीला वाटलं, ही बाई खोटं बोलत नाही. पण मग दोन महिने मी हिचं न मानता काय करत होते?

हॉस्पिटलात नंबर आला तेव्हा जयवंतीबाई सवयीने बाकावरच बसून राहिल्या. आत जायचं ते शिकलेल्यांनी.

"आई, तुम्ही आत चला," मेघाली म्हणाली. "तिसरा तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी वही पाहिली. पहिला, दुसरा, वेळ, ताप. तिसऱ्यापाशी त्यांचं पेन थांबलं. इथे तर ताप नव्हता असं लिहिलंय, ते म्हणाले. मेघालीने सासूकडे पाहिलं. जयवंतीबाईंनी पदर सारखा केला आणि सांगितलं: जेवणानंतर अंग तापलं, ओल्या घड्या ठेवल्या, आशाताईची कांडी आणली, अडतीस आणि टिंब आणि सहा, मग अर्ध्या तासाने झटका. घरात बोलल्या तसंच, एकही शब्द कमी-जास्त नाही. हे मेघालीने मोजल्यासारखं ऐकलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दोन प्रश्न विचारले, डाव्या-उजव्या हाताला वेगळा झटका होता का, नंतर किती वेळ झोपली. जयवंतीबाईंना दोन्ही माहीत होतं. मेघालीच्या फाइलीत त्यातलं काहीच नव्हतं.

"तुम्हाला अंग गरम लागलं होतं," डॉक्टर म्हणाले, "मग यांना सांगितलं का नाही?"

जयवंतीबाई तेजूच्या झबल्याची गाठ सोडू-बांधू लागल्या. त्या काही बोलणार नाहीत हे मेघालीला कळलं. सुनेला परक्या माणसासमोर खाली पाडायचं नाही, एवढंच त्यात होतं, आणि ते मेघालीला बोलून दाखवण्यापेक्षा जास्त लागलं.

"सांगितलं होतं," मेघाली म्हणाली. "मी मानलं नाही. मला आकडा हवा होता."

डॉक्टरांनी मान हलवली. रोजचं औषध आत्ता नको, म्हणाले. ताप चढायला लागला की काय करायचं आणि झटका आला तर नाकात मारायचा फवारा कसा वापरायचा, ते त्यांनी दोघींना दाखवलं, आधी आजीला, कारण मेघाली कामाला गेली की मूल तिच्याजवळ असतं. जयवंतीबाईंनी ती बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, की डॉक्टर, पुढच्या वेळी नव्यान्नववाली कांडी लावू का अडतीसवाली? कुठलीही लावा, ते म्हणाले, पण हात गरम म्हणत असेल तर कांडीची वाट बघत बसू नका.

मेघालीने पेन मागून घेतलं आणि वहीतल्या तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. त्याखाली काय लिहावं हे तिला पटकन सुचेना. आकडा कुठल्या मापात लिहू, हे तिने विचारायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि आईंनी सांगितलं होतं ते पहिलं वाक्य लिहिलं: हाताला गरम लागत होतं. फाइलीतल्यासारखा पुढे 'पण' लागणार नाही याची काळजी घेऊन तिने वही पिशवीत टाकली आणि तेजूला उचलायला हात पुढे केले, तर तेजू आजीच्या खांद्यावर आधीच चढून बसली होती.